नागमणीचा डावा गुडघा

आम्ही जुन्या फुटबॉलवाल्या मुली वर्षातून तीन-चार वेळा भेटतो. कुणाच्या बाळाचं बारसं असतं, कुणाची वास्तुशांत, नाहीतर नुसतंच भजी खायला. सुरुवातीला नवरे, सासवा, बदल्या, मुलांच्या शाळा असं सगळं होतं, आणि दहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "मने, ते नागमणीचं सांग की गं." मग तिथून पुढं दुसरा विषय निघत नाही.

खरं तर स्ट्रायकरचे किस्से गोलांचे असायला पाहिजेत. नागमणीनं गोल काय कमी मारले नाहीत. पण गोल सांगून सांगून किती सांगणार? बॉल जाळीत जातो, संपलं. तिच्या दुखापती मात्र दर वेळी एखाद्या नव्या माणसाच्या कृपेनं झालेल्या, त्यामुळे त्यांचेच किस्से साठत गेले. सांगायला सुरुवात करते तेव्हा मी हसत असते. सांगून होईपर्यंत डोकं तापलेलं असतं. माझा नवरा म्हणतो, "तू त्या मैत्रिणींना भेटून आलीस की दोन दिवस भांडी आपटतेस." आपटते. तुम्हीच ऐका आणि सांगा, आपटू नको तर काय करू.

आधी ओळख. मी मनीषा, करकंबची. घरची ऊसशेती. शिकायला म्हणून सोलापुरात मावशीकडे आले आणि उंची बघून रहीम सरांनी मला गोलमध्ये उभं केलं. नागमणी माझ्याच वर्गातली. तिच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, मैदानावर हिंदी. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळायची. पोरगी एवढीशी, काडीसारखी. पण बॉल पायात आला की समोरच्या मुली नुसत्या बघत राहायच्या. रहीम सर आमचे कोच. त्यांच्याकडे शिट्टी होती, चार बॉल होते आणि पगार नव्हता. ते एकदा मला हळूच म्हणाले होते, "ये लडकी गेंद को लात नै मारती. गेंद से बात करती."

*

पहिली दुखापत नववीत. जिल्ह्याच्या स्पर्धेची सेमीफायनल होती. आदल्या दिवशी त्याच मैदानावर कुणाचंतरी मोठं लग्न झालेलं. मांडववाले सकाळी बांबू काढून घेऊन गेले आणि बांबूंचे खड्डे तिथंच राहिले. वीतभर खोल, मैदानभर. रहीम सरांनी आयोजकांना दाखवले. आयोजक म्हणाले, "बघतो." मग त्यांनी खरंच बघितलं, आणि माइकवर जाऊन सूचना केली, "सर्व खेळाडूंना नम्र विनंती, खड्डे बघून खेळावे."

नागमणी बॉल घेऊन निघाली. एक मुलगी चुकवली, दुसरी चुकवली, आणि तिसऱ्या पावलाला पाय खड्ड्यात. घोटा तिथल्या तिथं लिंबाएवढा सुजला.

आम्ही तिला उचलून आणलं तर तेच आयोजक माइक हातात धरूनच आले आणि म्हणाले, "सांगितलं होतं ना, बघून खेळा म्हणून?"

नागमणी दुखण्यानं पांढरी पडली होती. तरी म्हणाली, "सर, आम्हाला बॉलकडं बघायला शिकवलंय."

तिचं हे वाक्य माइकवर साऱ्या मैदानाला ऐकू गेलं. खड्डे मात्र बुजवले नाहीत. फायनलही त्याच मैदानावर झाली.

*

घरी सांगायची सोय नव्हती. चड्डी घालून मैदानावर पळते हे अम्माला माहीतच नव्हतं. तिला वाटायचं, शाळेत जादा तास असतात. त्यामुळे नागमणीनं सांगितलं, "नळावर घसरले." अम्मानं हळद लावली, तेल लावलं, नळावरच्या शेवाळाला तेलुगूत शिव्या दिल्या आणि शेजारणींना बोलावून पायऱ्या घासून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गोलपोस्टसमोर आम्ही दोघी-तिघींनी नागमणीला उचललंय, तिनं घोटा हातात धरलाय, मागं अख्खी जाळी. शेजारची बाई तो पेपर घेऊन आली. अम्माला मराठी वाचता येत नव्हतं. फोटो मात्र तिनं बराच वेळ बघितला. मी तेव्हा तिथंच बसले होते, नागमणीला अभ्यास द्यायला आले होते, आणि पळून जावं का बसावं ते मला समजत नव्हतं.

अम्मानं पेपर खाली ठेवला. विडीची पानं पुन्हा मांडीवर घेतली आणि शांतपणे विचारलं, "आपल्या नळाला जाळी कधी बसवली?"

आता हिचा खेळ संपला असं मला वाटलं. शेजारीण तर बोलायलाच आली होती, पोरगी लंगडी झाली तर लग्नाचं काय, वगैरे. अम्मानं तिला चहा पाजून वाटेला लावलं. मग एक जुनं लुगडं काढलं, त्याच्या लांब पट्ट्या फाडल्या आणि घोटा कसून बांधला. बांधता बांधता म्हणाली, "खोटं सांगून लंगडू नकोस. लंगडायचं तर खरं सांगून लंगड."

त्यानंतर नागमणीच्या प्रत्येक दुखापतीचा पहिला फोन अम्माला गेला. पुढं असे फोन किती जाणार होते, ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

*

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आमची दोघींची राज्याच्या संघासाठी निवड झाली आणि आम्ही एका शिबिराला गेलो. तीस मुली, डॉक्टर एकही नाही. टीमबरोबर एक मॅनेजर होता आणि त्याच्याकडे थंडगार स्प्रेची एक बाटली. हेच सगळं वैद्यकीय पथक.

गुडघा दुखला, स्प्रे. पोटरी आखडली, स्प्रे. एका मुलीचा दात हलला, तर तिच्या गालावर स्प्रे. नागमणीच्या मांडीत मागच्या बाजूला स्नायू ताणला होता, तिला नीट बसताही येत नव्हतं. मॅनेजरनं स्प्रे मारला आणि म्हणाला, "चल, पळ." ती पळाली आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा बसली. त्यानं पुन्हा मारला. चौथ्या दिवशी बाटलीच संपली. मॅनेजरनं ती जोरजोरात हलवली, मांडीजवळ धरली आणि बटण दाबलं. नुसती फुस्स अशी हवा आली.

"झालं," तो म्हणाला. "चल, पळ."

मी शेतकऱ्याची पोर. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, आमच्याकडं उसावरसुद्धा काय रोग पडलाय ते बघून फवारणी करतात."

त्यानं मला दोन मॅच बाहेर बसवलं, उद्धट म्हणून. नागमणीला मात्र दोन्ही मॅच खेळवलं. मांडी बरी व्हायला सहा महिने लागले. पंधरा दिवस विश्रांती दिली असती तर झालं असतं, असं नंतर एका डॉक्टरनं सांगितलं. ते ऐकून मला जास्त राग आला.

*

तरी तिचा खेळच असा होता की बोलावणं आलंच. बंगळुरूच्या एका क्लबनं तिला करारावर घेतलं. व्यावसायिक खेळाडू म्हणून. सोबत दुसरी गोलकीपर म्हणून मलाही घेतलं. दुसरी गोलकीपर म्हणजे बाकावर बसून मॅच बघायचं काम. पण आम्ही हवेत होतो. अम्मानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

पहिल्याच आठवड्यात बूट आले. कुठल्यातरी कंपनीनं दिलेले, चकचकीत केशरी. सगळे पुरुषांच्या मापाचे. सर्वांत लहान जोड आठ नंबरचा. नागमणीचा पाय चार नंबरचा.

सामानाची व्यवस्था बघणारा माणूस म्हणाला, "दोन मोजे घाल, होईल फिट."

"माझे जुने बूट घालते," ती म्हणाली.

"चालणार नाही. फोटोत हेच दिसले पाहिजेत."

तिनं तीन मोजे घातले, पुढं कापूस कोंबला. एवढं करूनही आत पाय सरकायचाच. ती पळत पळत वळली की बूट आधी वळायचा आणि पाय मागून यायचा. सरावाला मॅनेजर आला. हा क्लबचा मॅनेजर, वेगळा माणूस, जात मात्र तीच. त्यानं विचारलं, "काय, कसे आहेत बूट?"

नागमणी म्हणाली, "बूट छान आलेत सर. आता पाय मागवा."

सगळे हसले. पाय काही आले नाहीत, आणि बूटही बदलले नाहीत.

*

तिसऱ्या मॅचला ती बॉल घेऊन डावीकडं वळली. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. बूट वळला, गुडघा अडकला. मी बाकावर होते, वीसेक पावलांवर. टक्क असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. फुटबॉल खेळलेल्या माणसानं तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

एमआरआय झाला. मॅनेजरनं सांगितलं, "विशेष काही नाही. सूज आहे, बर्फ लावा." बारा दिवसांनी महत्त्वाची मॅच होती. त्या मॅचला तिला गुडघ्याला चिकटपट्ट्या गुंडाळून शेवटची वीस मिनिटं उतरवलं. ती तीनदा पडली. तिसऱ्यांदा स्वतःच चालत बाहेर आली आणि माझ्याजवळ बसून एवढंच म्हणाली, "मने, हा पाय माझा नाही."

दोन दिवसांनी बसमध्ये मॅनेजर मला म्हणाला, "माझ्या बॅगेतून हजेरीची फाइल दे." मी बॅग उघडली. फाइलखाली एमआरआयचं पाकीट, नागमणीच्या नावाचं. मी शारीरिक शिक्षणाचा अभ्यास केलेला, तेवढं वाचता येत होतं. गुडघ्यातली मुख्य लिगामेंट पूर्ण तुटलेली. आणि रिपोर्टवरची तारीख त्या मॅचच्या आठ दिवस आधीची.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आम्ही दोघी त्याच्या टेबलाशी गेलो. मी पाकीट समोर ठेवलं आणि विचारलं, हे तिला का दाखवलं नाही?

तो जरासुद्धा ओशाळला नाही. म्हणाला, "अरे, इंग्लिशमध्ये आहे तो. तुम्हा मुलींना कळत नाही, उगाच घाबरता. म्हणून नाही दिला."

नागमणी म्हणाली, "सर, रिपोर्ट इंग्लिशमध्ये असेल. गुडघा तेलुगूत दुखतोय."

आजूबाजूच्या मुली हसल्या. मॅनेजरही हसला. मला मात्र ते हसू आजही सहन होत नाही. कारण ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनं नंतर सांगितलं, लिगामेंट पहिल्या दिवशीच तुटली होती, पण गुडघ्यातली गादी नंतर फाटली. त्या वीस मिनिटांत.

*

ऑपरेशनच्या दिवशीच क्लबचं पत्र आलं. करार दोन्ही बाजूंच्या संमतीनं संपवण्यात येत आहे. त्यातली एक बाजू त्या वेळी टेबलावर बेशुद्ध पडली होती, पण संमती झालेली.

संध्याकाळी क्लबनं आपल्या फेसबुकच्या पानावर टाकलं, "नागमणी, लवकर बरी हो. तुझं योगदान विसरणार नाही." वर एक मोठा फोटो. फोटो माझा.

मला पत्ताच नाही. मी दवाखान्यात खुर्चीवर बसलेली. करकंबवरून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. आवाज रडवेला. "मने, कुटं हायस तू? गुडगा गेला म्हनं तुजा?"

"माझा नाही आबा. नागमणीचा."

"मग फोटू तुजा कसा? अख्ख्या गावाच्या मोबाईलवर आलाय. तुजी आय रडून रडून पडलीया हितं."

"चुकून लावलाय त्यांनी."

आबा म्हणाले, "त्या पोरीचा फोटू त्यांच्याकडं न्हाय व्हय?"

मी फोन ठेवला तेव्हा नागमणी शुद्धीवर आली होती. सगळं ऐकलं होतं तिनं. म्हणाली, "बरं झालं. निदान तुझ्या घरी तरी कळलं की माझं काहीतरी झालंय."

मी त्या क्लबमध्येच राहिले, हेही सांगून टाकते. सोडून यायची हिंमत झाली नाही. तिच्यासमोर ते बोलायला मला वर्ष लागलं. ती म्हणाली, "तू सोडलं असतंस तर त्यांनी काय माझी लिगामेंट परत दिली असती?"

*

सोलापूरला परतली तर तिचा सत्कार ठेवला. कुणी ठेवला, कशासाठी, विचारू नका. निवडणूक जवळ आली होती. स्टेजवर बॅनर, त्यावर प्रमुख पाहुण्यांचा हात जोडलेला भलामोठा चेहरा आणि कोपऱ्यात नागमणीचा तिकिटाएवढा फोटो. ती आली कुबड्या घेऊन, गुडघ्याला पट्टा. दीड तास भाषणं. शाल, नारळ, गुच्छ. दोन्ही हातांत कुबड्या असलेल्या बाईनं नारळ कसा घ्यायचा? रहीम सर शेजारी उभे राहून एकेक वस्तू काखेत घेत होते.

शेवटी पाहुणे म्हणाले, "एक किक होऊन जाऊ द्या. फोटोसाठी." कार्यकर्त्यानं लगेच नवाकोरा बॉल तिच्या पायापुढं ठेवला.

मी तिला पोचवायला आले होते, खालून ओरडणारच होते. सूत्रसंचालक म्हणाला, "हळूच मारा मॅडम, नुसता पाय लावा."

रहीम सरांनी शाल, नारळ, गुच्छ सगळं पाहुण्यांच्या हातात दिलं. पासष्टीचा माणूस, पायात चपला. म्हणाले, "बेटी को नक्को साहेब. तुम फोटो निकालो, मैं मारतूं."

आणि त्यांनी मारली. अशी मारली की बॉल बॅनरवर पाहुण्यांच्या बरोबर नाकावर बसला, आणि बॅनरची एक बाजू सुटून चेहरा अर्धा खाली लोंबायला लागला.

रहीम सरांनी चप्पल नीट पायात घातली आणि म्हणाले, "माफ करो साहेब. गोल कां है, नजर नै आया."

*

गुडघ्याला पुन्हा ताकद आणायची तर रोज व्यायाम हवा, यंत्रं हवीत. गावात खेळाडूंसाठी एक मोठी व्यायामशाळा आहे, नाव कशाला घेऊ. मी सुट्टीवर आले होते, आम्ही दोघी गेलो. टेबलावरच्या क्लार्कनं फॉर्म दिला. त्यात रकाना, "सध्याचा संघ".

"सध्या संघ नाही," नागमणी म्हणाली. "ऑपरेशन झालंय."

"मग तुम्ही खेळाडू नाही."

"खेळता यावं म्हणूनच व्यायामशाळा पाहिजे."

"बरोबर आहे. पण आधी संघ आणा, मग व्यायामशाळा."

मी भांडले. चांगली भांडले. त्याचा आवाज एकदाही चढला नाही. तो फक्त पेनानं तो रकाना दाखवत राहिला.

घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा तिचे वडील जेवत होते. नायना फार बोलणारे नव्हेत. त्यांनी हात धुतला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मालकांशी बोलले. मालकांनी गोदामाचा एक कोपरा मोकळा करून दिला. नायना सायकलच्या कॅरिअरवर बसवून तिला रोज न्यायचे. टॉवेलचे गठ्ठे हीच वजनं. गठ्ठ्यांचीच पायरी. मागांच्या त्या खडखडाटात ती उठबशा काढायची आणि जेवायच्या सुट्टीत कामगार दारात उभं राहून मोठ्यानं मोजायचे, ओकटी, रेंडु, मूडु. एक जण विडी पेटवायला बाहेर गेला तर बाकीचे ओरडायचे, "आकडा चुकेल, थांब." साडेनऊ महिन्यांनी ती त्याच कारखान्याच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत पळत गेली. नायना सायकलवरून मागं. त्या दिवशी त्यांनी अर्धी पाळी बुडवली, आयुष्यात पहिल्यांदा.

तिला दुसरा क्लब मिळाला. छोटा, गोव्याकडचा. पहिल्याच वर्षी तिनं गोल केले, पेपरात नाव आलं. आणि त्या व्यायामशाळेच्या दारावर फलक लागला, "आमच्या शहराची शान", खाली नागमणीचा फोटो. या वेळी फोटो तिचाच होता. सुट्टीत आली तेव्हा ती मला घेऊन पुन्हा आत गेली. टेबलावर तोच क्लार्क.

"आता संघ आहे," ती म्हणाली. "फॉर्म द्या."

त्यानं कौतुकानं बघितलं, फॉर्म काढला, आणि पुन्हा आत ठेवला. म्हणाला, "पण आता तुम्ही गोव्याला असता ना मॅडम? ही फक्त स्थानिकांसाठी आहे."

*

पुढं त्या गादीचं दुसरं ऑपरेशन झालं, त्याच डाव्या गुडघ्यात. ती पुन्हा उभी राहिली. मॅचचं समालोचन करणारे तिला 'सतत दुखापतग्रस्त' म्हणायला लागले, जणू हा तिचा स्वभावच आहे. गेल्या वर्षी डॉक्टरनं सांगितलं, आता थांब, नाहीतर चाळिशीत जिना चढता येणार नाही. ती थांबली. अठ्ठावीस वर्षांची आहे. सध्या रहीम सरांच्या मैदानावर मुलींना शिकवते. सराव सुरू करण्याआधी ती आणि सर मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात, खड्डे बुजवत. तिच्या टीमला डॉक्टर नाही अजून. फोन केला की येणारी एक फिजिओ मात्र तिनं शोधून काढलीय.

पण एक किस्सा राहिला. मधल्या काळातला आहे, दुसऱ्या ऑपरेशननंतरचा. आमच्या भेटीत तो नेहमी शेवटी येतो.

त्या वर्षी नागमणीचा क्लब आमच्याविरुद्ध खेळायला बंगळुरूला आला. आमच्या पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलेलं, त्यामुळे गोलमध्ये मी. म्हणजे समोरून नागमणी येणार आणि तिला अडवायचं मी.

आमच्याकडं नवे कोच आले होते. मॅचआधी त्यांनी फळ्यावर नऊ आकडा लिहिला, नागमणीचा नंबर, आणि त्याच्याभोवती गोल काढला. म्हणाले, "डावा गुडघा. दोन ऑपरेशन्स. पहिल्या दहा मिनिटांत तिथं एक जोरदार टॅकल गेला पाहिजे. पुढचा खेळ ती आपोआप विसरेल." आणि त्यांनी सलोमीकडं बघितलं. "समझी?"

सलोमी आमची स्टॉपर, म्हणजे बचावात मधोमध खेळणारी, झारखंडची. दोन वर्षं आमच्यात होती, पण दिवसाला दहा वाक्यं बोलली तर खूप. उंच, दगडासारखी मजबूत. ती नुसती मान हलवून उठली.

आणि मी? मी तिथं बसले होते. मी काही बोलले नाही. हे मला टाळता येत नाही म्हणून सांगते.

मैदानात जायला दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. नागमणी माझ्या शेजारीच आली. मी समोर बघतच मराठीत म्हटलं, "नागे, जपून. डाव्या गुडघ्यावर येणार आहेत."

तीही समोर बघत होती. म्हणाली, "माहितीय. सगळे तेच सांगतात आपल्या पोरींना."

मॅच सुरू झाली. चौथ्या मिनिटाला नागमणी सलोमीच्या समोरून गेली. सलोमीनं पाय घातला नाही. आठव्या मिनिटाला पुन्हा. नुसती खांद्याला खांदा लावून पळाली. बाजूच्या रेषेवर कोच उभे राहून स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर हात आपटत होते. मला गोलमधून दिसत होतं, म्हणजे सलोमीला दिसलंच असणार.

दुसऱ्या हाफमध्ये मधून एक लांब बॉल आला आणि नागमणी त्यावर सुटली. तिच्यासोबत फक्त सलोमी. सलोमी वेगात होती, अर्धं पाऊल पुढं. घसरून पाय टाकला असता तर बॉलही गेला असता आणि गुडघाही. सलोमी घसरली नाही. उभ्यानंच पळत राहिली, शेवटपर्यंत. नागमणीनं उजव्या पायानं मारला. मी झेपावले, खरंच झेपावले, बोटांना बॉल लागला. तरी गेला.

शून्य-एक. तसेच हरलो.

ड्रेसिंग रूममध्ये कोच आत आले, दार लावलं. सलोमी बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. ते सरळ तिच्यासमोर उभे राहिले.

"मी काय सांगितलं होतं? किती वेळा खूण केली? डावा गुडघा. एवढं साधं कळत नाही तुला?"

सलोमीनं एक बूट काढला, बाजूला ठेवला. तिच्या डाव्या गुडघ्यावर काळी नी-कॅप असायची, सरावात, मॅचमध्ये, कायम. आम्हाला वाटायचं, सवय असेल. तिनं ती दोन्ही हातांनी हळूहळू खाली सरकवली. गुडघ्याच्या मधोमध वीतभर लांब, जुना, टाक्यांचा व्रण होता.

तिनं वर बघितलं आणि विचारलं, "ये वाला, सर?"